गोळीचे टोपणनाव

आपल्याकडे माणसाला दोन-तीन नावे असणे नवे नाही. हजेरीपटावरचा पुरुषोत्तम घरी ‘बाळू’ असतो आणि आजोळी ‘अप्पू’. ‘बाळू’ आणि ‘अप्पू’ असे दोघांना जेवायला बोलावले तर पाहुणा एकच येतो आणि एक ताट उरते. एवढाच काय तो घोटाळा. औषधांच्या गोळ्यांनाही अशीच टोपणनावे असतात. फरक इतकाच, की गोळ्यांच्या बाबतीत उरलेले ताटही आपल्याच पोटात जाते.

हे मला सुचलेले नाही. भोगावे लागले आहे. दोन वर्षांपूर्वी माझी आई गडहिंग्लजला मावशीकडे चार दिवस राहून आली. तिचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. तिथे तिच्या पोटात कळा आल्या, तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बरे वाटले. बेळगावला परतल्यावर पुन्हा पोटात पीळ पडू लागला. मी कॉलेजातून येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने “होट्टेनोवु?” एवढेच विचारले आणि एक स्ट्रिप कापून दिली. मी ती आणून आईला दिली. मावशीकडच्या गोळ्या तिच्या पिशवीत होत्याच. “त्या पण चालू ठेव, कोर्स मोडू नको,” असे वर मीच बजावले. दोन दिवस दोन्ही गोळ्या दिवसातून तीनदा चालल्या.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, “तोंडाला नुसती कोरड पडलीय बघ. लघवीलाही होईना झालंय.” रात्री ती उठून बसली आणि बारा वर्षांपूर्वी वारलेल्या माझ्या वडिलांना हाका मारू लागली. आम्ही तिला घेऊन दवाखान्यात धावलो. नळी घालून लघवी काढावी लागली. ड्यूटीवर असलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला सांगितल्या. दोन स्ट्रिप त्यांनी बाजूला काढल्या आणि कानडी वळणाच्या मराठीत मला म्हणाल्या, “सर, तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना? मग ह्या दोन्ही उलटी करून वाचा की.”

मी वाचले. समोरची नावे, रंग, कंपन्या सगळे वेगळे. पाठीमागे मात्र दोन्हींवर एकच मजकूर : डायसायक्लोमाइन हायड्रोक्लोराइड 20 मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल. म्हणजे आईच्या पोटात दिवसाला 120 मिलिग्रॅम डायसायक्लोमाइन जात होते. तिच्या वयाला ते कितीतरी जास्त होते. आई तीन दिवसांत सुधारली. परंतु वीस वर्षे रेणूंची नावे फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाने स्वतःच्या आईची गोळी उलटून पाहिली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही. चूक डॉक्टरांची नव्हती, दुकानदाराची तर मुळीच नव्हती. ती माझी होती. आणि मला खात्री आहे, हा लेख वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या दप्तरात, पर्समध्ये किंवा स्टाफरूमच्या खणात आत्ता या क्षणी अशी एक न वाचलेली स्ट्रिप आहे.

* * *

मी डॉक्टर नव्हे. कोणी कोणती गोळी घ्यावी हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण दोन गोळ्यांची तुलना कशी करावी, हा रसायनशास्त्राचाही प्रश्न आहे आणि तिथे मला दोन शब्द बोलता येतील.

प्रथम कळ म्हणजे काय ते पाहू. आपल्या आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. हाताच्या स्नायूंसारखे ते आपल्या हुकमतीत नसतात. ते आपल्या लयीने आकुंचन पावतात आणि अन्न पुढे ढकलतात. या आकुंचनाचा निरोप मज्जातंतूंच्या टोकांतून सुटणारे ॲसिटिलकोलिन आणते. स्नायूच्या पेशीवर त्याचे ग्राहक असतात. तिथे निरोप पोचला की पेशीच्या आत कॅल्शियम वाढते आणि पेशी आकसते. ही लय बिघडून एखादा भाग घट्ट आवळून बसला की जे होते त्याला आपण पोटात पीळ पडणे, मुरडा येणे, कळ येणे म्हणतो. हे शब्द किती नेमके आहेत पाहा! ‘पीळ’ म्हणणाऱ्या आजीने शरीरशास्त्र शिकलेले नव्हते, पण तिने जे होते तेच सांगितले.

हा पीळ सोडवण्याच्या वाटा मुख्यतः तीन. पहिली वाट निरोपच अडवण्याची. धोत्रा आणि बेलाडोना या एकाच कुळातल्या विषारी वनस्पती. त्यांतील द्रव्ये ॲसिटिलकोलिनच्या ग्राहकांवर जाऊन बसतात आणि खऱ्या निरोपाला जागा देत नाहीत. बेलाडोनातले ॲट्रोपिन 1831 साली माइन या जर्मन औषधविक्रेत्याने शुद्ध स्वरूपात मिळवले. पण ॲट्रोपिन आतड्यापुरते थांबत नाही. तोंड कोरडे पडते, नजर अंधुक होते, छाती धडधडते, लघवी अडते आणि मात्रा वाढली तर माणूस बरळू लागतो. धोत्रा खाऊन वेड लागते असे आपल्याकडे म्हणतात ते याच कारणाने. डायसायक्लोमाइन हे त्याच तत्त्वावर माणसाने बनवलेले औषध. 1950 च्या सुमारास ते अमेरिकेत बाजारात आले. त्याला आतड्याच्या स्नायूवर थोडे थेट कामही करता येते, म्हणून ते ॲट्रोपिनपेक्षा सौम्य. तरीही कुळाचे गुण सुटत नाहीत. ते मेंदूपर्यंत पोचू शकते. आईचे मध्यरात्री हाका मारणे हे त्याचेच लक्षण होते.

याच वाटेवरचे दुसरे औषध हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड. ते जर्मनीत तयार झाले आणि 1950 च्या दशकाच्या आरंभापासून ‘बुस्कोपान’ या नावाने जगभर गेले. आमच्या विद्यार्थ्यांनी याची रचना अवश्य पाहावी. मूळ हायोसिनच्या नायट्रोजनला एक ब्यूटिल गट जोडला की त्या नायट्रोजनवर कायमचा धनभार येतो. असा भारित रेणू चरबीच्या पडद्यातून सहजी पार होत नाही. परिणाम असा, की तो मेंदूत जवळजवळ शिरतच नाही. पोटातून घेतला तर रक्तातही एक टक्क्याहून कमी उतरतो; त्याचे काम बहुतेक आतड्यातच चालते. एका छोट्या गटाने औषधाचा स्वभाव किती बदलतो याचे याहून चांगले उदाहरण मला वर्गात सापडलेले नाही. पण तेच औषध सुईने दिले की रक्तात पुरेपूर जाते. हृदयविकार असलेल्यांना ही सुई देताना जपावे, असा इशारा ब्रिटनच्या औषधनियंत्रकांनी 2017 साली दिला. औषध एकच, गोळी निराळी आणि सुई निराळी. “एक सुई टोचा म्हणजे झटकन बरं वाटेल” असा आग्रह धरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट निरोपाच्या भानगडीत न पडता थेट स्नायूला सैल करण्याची. अफूतले पापाव्हेरिन गेओर्ग मेर्क याने 1848 साली वेगळे केले. त्याच्याच धर्तीवर हंगेरीत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस ड्रोटाव्हेरिन तयार झाले. पूर्व युरोपात आणि रशियात ते घराघरांत ठाऊक आहे. ते पेशीतल्या एका विकराला अडवते आणि त्यामुळे स्नायू सैलावतो. ॲसिटिलकोलिनशी त्याचा संबंध नसल्यामुळे तोंडाला कोरड, लघवी अडणे हे त्रास त्याने सहसा होत नाहीत. मात्र चक्कर, डोकेदुखी, रक्तदाब उतरणे होऊ शकते. नेदरलँड्समधून आलेले मेबेव्हेरिन हेही मुख्यतः थेट स्नायूवरच काम करणारे. त्याची 135 मिलिग्रॅमची साधी गोळी दिवसातून तीनदा घेतात, तर हळूहळू विरघळणारी 200 मिलिग्रॅमची कॅप्सूल दोनदा. ही कॅप्सूल फोडून पाण्यात कालवून घेणारे महाभाग मी पाहिले आहेत. हळू सुटण्यासाठी केलेली सारी कारागिरी ते एका चमच्यात बुडवतात.

तिसरी वाट कॅल्शियमचे दार किलकिले करण्याची. पुदिन्याच्या एका जातीच्या तेलातले मेंथॉल हे काम करते. पण ते तेल जठरातच सुटले तर छातीत जळजळते. म्हणून जठरातल्या आम्लाला दाद न देणारे वेष्टन कॅप्सूलला देतात आणि ती पुढे आतड्यात उघडते. आजीच्या डब्यातला ओवा, बाळंतशोपा, हिंग यांची आठवण इथे होणारच. त्या डब्याची मी थट्टा करत नाही. ओव्यातले थायमॉल आणि पुदिन्यातले मेंथॉल रसायनशास्त्रात सख्खे शेजारी आहेत. तथापि चिमूटभर ओवा आणि मोजून वेष्टनात भरलेले तेल यांत मात्रेचा फरक आहे. औषधाच्या बाबतीत मात्रा हीच अर्धी गोष्ट.

मग यांत श्रेष्ठ कोणते? हा प्रश्न विचारताच आपण दुकानदाराकडे पाहू लागतो. खरे उत्तर असे, की श्रेष्ठत्व गोळीत नसून गोळी आणि माणूस यांच्या जोडीत असते. काचबिंदूचा एक प्रकार असलेल्याला, प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांना, वृद्धांना पहिल्या वाटेची औषधे जपून द्यावी लागतात. सहा महिन्यांखालील बाळाला तर डायसायक्लोमाइन देऊच नये, कारण श्वास अडखळल्याच्या घटना घडल्या आहेत. उलट कमी रक्तदाबाच्या माणसाला ड्रोटाव्हेरिनने भोवळ येऊ शकते. दीर्घकाळ कुरकुरणाऱ्या आतड्याच्या विकाराबाबत तर तज्ज्ञांचेही एकमत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या एका संस्थेने 2021 मध्ये पीळ सोडवणारी औषधे वापरू नयेत असे सुचवले आणि पेपरमिंट तेलाला अनुकूलता दाखवली. दुसऱ्या संस्थेने 2022 मध्ये तीच औषधे वापरावीत असे सुचवले. दोघांनीही पुरावा कमकुवत असल्याचे मान्य केले आहे. जिथे पंडित इतके जपून बोलतात तिथे आपण कोपऱ्यावर उभे राहून “ती निळी गोळी भारी आहे” म्हणावे, यात शहाणपण कितीसे?

* * *

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. वर सांगितलेली औषधे आपल्याकडे एकेकटी क्वचितच येतात. त्यांच्याबरोबर जोडीदार असतो : पॅरासिटामॉल, मेफेनॅमिक ॲसिड, ॲसिक्लोफेनॅक. ‘दोन औषधे म्हणजे दुप्पट गुण’ असे आपण धरून चालतो. माझे म्हणणे असे, की पोटातल्या कळीसाठी ही जोडगोळी पहिली निवड असू नये. एक दुखणे, एक औषध, हा नियम असावा. आणि जोडीला कारण हवे.

2006 साली युरोपातल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटात वरचेवर कळा येणारे 1637 लोक तीत घेतले होते. त्यांचे चार गट केले. एकाला हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड, दुसऱ्याला पॅरासिटामॉल, तिसऱ्याला दोन्ही एकत्र आणि चौथ्याला औषध नसलेली नुसती गोळी. तीन आठवड्यांनंतर दहा सेंटिमीटरच्या मोजपट्टीवर वेदना किती उतरली ते पाहिले. पहिल्या गटात 2.3, दुसऱ्यात 2.4, तिसऱ्यात 2.4 आणि नुसत्या गोळीच्या गटात 1.9. हे आकडे सावकाश वाचावेत. औषधांचा गुण आहे, हे खरे. पण जोडगोळीने एकट्या पॅरासिटामॉलपेक्षा काहीच जास्त दिले नाही. आणि ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांचेही पोट बरेचसे आपोआप निवळले. पोटातली कळ पुष्कळदा स्वतःच जाते आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेली गोळी घेऊन जाते.

याहून गंभीर बाब मेफेनॅमिक ॲसिडची. आपल्या वसतिगृहांत सर्वांत जास्त फिरणारी गोळी म्हणजे 250 मिलिग्रॅम मेफेनॅमिक ॲसिड आणि 10 मिलिग्रॅम डायसायक्लोमाइन यांची. मुलींना मासिक पाळीच्या वेदनांत ती उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. त्या वेदनांचे मूळ गर्भाशयात तयार होणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांत असते आणि मेफेनॅमिक ॲसिड त्यांचीच निर्मिती रोखते. तिथे या घटकाला कारण आहे. पण ‘पोटदुखीची गोळी’ या एकाच नावाखाली तीच गोळी मिसळ खाऊन पोट बिघडलेला मुलगाही घेतो. त्याच्या जठराचे अस्तर आधीच चिडलेले. प्रोस्टाग्लँडिने त्या अस्तराचे रक्षण करतात आणि हा तीच बंद करून टाकतो! शिवाय मेफेनॅमिक ॲसिडने जुलाब होऊ शकतात. म्हणजे पोटासाठी घेतलेल्या गोळीत पोट बिघडवणारा घटक बसलेला. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी गत. नोव्हेंबर 2023 मध्ये आपल्या भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सूचनाही काढली. ताप, अंगावर पुरळ, गाठी सुजणे आणि यकृतासारख्या अवयवांना इजा अशी एक तीव्र प्रतिक्रिया क्वचित उद्भवू शकते, तिच्यावर लक्ष ठेवावे, असे त्यात म्हटले होते. घाबरण्याचे कारण नाही, पण माहीत असण्याचे आहे. आणि गोळीत काय आहे हेच ज्याला माहीत नाही, त्याला ही सूचना वाचून काय उपयोग?

जोडगोळीचा इतिहासही धडा देणारा आहे. डायसायक्लोमाइनला डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेन हे अफूच्या जातीचे वेदनाशामक जोडलेली कॅप्सूल आपल्याकडे वर्षानुवर्षे पोटदुखीसाठी मिळत होती. मणिपूर, नागालँड, मिझोराम या भागांत तरुण मुले ती फोडून, पाण्यात विरघळवून शिरेत टोचू लागली. ती भुकटी शिरेसाठी बनवलेली नव्हती. हातापायांना गळवे झाली, काहींचे अवयव गेले, काहींचे प्राण. डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफेनवर केंद्र सरकारने बंदी घातली ती मे 2013 मध्ये. पोटदुखीच्या कॅप्सूलमध्ये नशेचे द्रव्य आहे हे पाठीमागे छापलेले होतेच. ते नशा करणाऱ्यांनी आधी वाचले आणि आपण सज्जनांनी उशिरा.

त्यानंतर सरकारने अशा मिश्रणांची झाडाझडती सुरू केली. मार्च 2016 मध्ये 344 मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि डिसेंबर 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उठवली. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये प्रकरण तज्ज्ञ मंडळाकडे सोपवले आणि सप्टेंबर 2018 मध्ये 328 मिश्रणे बंद झाली. जून 2023 मध्ये आणखी 14 आणि ऑगस्ट 2024 मध्ये 156. या शेवटच्या यादीत पोटातला पीळ सोडवणारे कॅमिलोफिन (25 मिलिग्रॅम) आणि पॅरासिटामॉल (300 मिलिग्रॅम) यांची जोडीही होती. बंदी आली तेव्हा या मिश्रणांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, असे कारण दिले गेले. मग इतकी वर्षे ती आपण कशाच्या आधारावर गिळत होतो? टोपणनावाच्या.

* * *

माझ्या या मताला आक्षेप येतील आणि ते रास्तही आहेत. स्टाफरूममध्ये हा विषय निघाला तेव्हा एक सहकारी म्हणाले, “सगळीच मिश्रणे वाईट कशी? जुलाबावरचे मीठ-साखरेचे पाणी हे मिश्रणच की!” अगदी बरोबर. ओआरएसमध्ये ग्लुकोज असल्यामुळेच सोडियम आतड्यात शोषले जाते. तिथे एका घटकाला दुसऱ्याची गरज आहे. क्षयरोगाच्या औषधांचे मिश्रण करतात ते जंतूंनी एका औषधाला न जुमानण्याचा धोका टाळण्यासाठी. म्हणजे जोडीला कारण आहे. माझा विरोध मिश्रणाला नाही, विनाकारण मिश्रणाला आहे.

दुसरा आक्षेप असा, की डॉक्टरांना वेळ नसतो, रोग्याला दोन गोळ्यांपेक्षा एक बरी वाटते. हेही खरे. पण दोन स्वतंत्र गोळ्या असल्या तर एक वाढवता येते, एक थांबवता येते. एकत्र कालवल्यावर ते स्वातंत्र्य जाते. आमटीत मीठ जास्त झाले म्हणून तिखट काढून घेता येत नाही.

तिसरा आक्षेप नावांचा. “डायसायक्लोमाइन हायड्रोक्लोराइड हे काय सामान्य माणसाने लक्षात ठेवायचे नाव आहे का?” हा वाद जुना आहे. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1975 च्या अहवालात ब्रँडनावे क्रमाक्रमाने काढून मूळ नावांनी औषधे विकावीत अशी शिफारस केली होती. 1978 च्या औषध धोरणात ॲनाल्जिन, ॲस्पिरिन, क्लोरप्रोमाझिन, फेरस सल्फेट आणि पायपेराझिन या पाच औषधांपासून आरंभ करायचे ठरले. तेही प्रकरण न्यायालयात अडकले. पुढे 2018 मध्ये नियम आला, की मूळ नाव ब्रँडनावापेक्षा दोन आकारांनी मोठ्या अक्षरांत छापावे. परंतु त्यातून जीवनसत्त्वांची मिश्रणे आणि तीन किंवा अधिक घटकांची मिश्रणे वगळली. म्हणजे जिथे गुंता सर्वांत जास्त, तिथेच सूट! आणि नावे कठीण म्हणाल, तर क्रिकेटपटूंची आणि सिनेनटांची कितीतरी अवघड नावे आम्हांला तोंडपाठ असतात. ज्याची गरज वाटते ते नाव जिभेवर बसते.

शिवाय आपल्या सीमाभागात हा प्रश्न थोडा अधिक टोकदार आहे. आपण एका डॉक्टरला बेळगावात दाखवतो, दुसऱ्याला गडहिंग्लजला किंवा कोल्हापुरात, कधी पणजीला. चिठ्ठ्या तीन ठिकाणच्या. घरात म्हातारी माणसे मराठी वाचतात, शेजारी कन्नड वाचतात आणि आमच्या स्ट्रिपवर दोन्हींपैकी एकही भाषा नव्हती. भाषेवरून आपण इथे बराच वाद घातला आहे. पोटदुखीच्या गोळीवर माझ्या आईला वाचता येईल असे एक अक्षर असावे, या मागणीवर मात्र ‘होट्टेनोवु’वाले आणि ‘पोटदुखी’वाले यांचे एकमत व्हायला हरकत नसावी.

* * *

मग आपण काय करावे? कायदे करणे आपल्या हाती नाही. पण तीन-चार साध्या गोष्टी आहेत.

कोणतीही गोळी तोंडात टाकण्यापूर्वी स्ट्रिप उलटावी आणि मूळ नाव वाचावे. घरात दुसरी कोणती गोळी चालू असेल तर तीही उलटावी आणि दोन्ही शेजारी धरावीत. डॉक्टरांकडे जाताना जुन्या चिठ्ठ्यांबरोबर स्ट्रिपही न्याव्यात. दुकानातून दोन-दोन गोळ्या कापून आणताना नाव असलेला तुकडाच आपल्या वाट्याला येईल असे पाहावे. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावे’ असे छापलेले औषध चिठ्ठीशिवाय मागू नये, हे तर मी स्वतःलाच सांगतो आहे. आणि एकच औषध पुरेसे असेल तर ते एकेकटे मागावे. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीच्या 2015 च्या आवृत्तीत डायसायक्लोमाइन आणि हायोसिन ब्यूटिलब्रोमाइड ही दोन्ही जोडीदाराविनाच नोंदली आहेत, ही गोष्ट बोलकी आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काही कळा गोळीने झाकायच्या नसतात. बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारे दुखणे अपेंडिक्सचे असू शकते. पोट फुगून शौच आणि वारा दोन्ही बंद होणे, थांबत नसलेल्या उलट्या, ताप, शौचातून रक्त, लाकडासारखे कडक पोट, आणि दिवस राहिले असण्याची शक्यता असताना उठलेली कळ, यांपैकी काहीही असेल तर गोळी शोधू नये, रिक्षा शोधावी. परीक्षेच्या आदल्या रात्री वसतिगृहात “घे रे एक, उद्या पेपर आहे” म्हणून दिलेली गोळी मैत्रीपोटीच दिलेली असते. पण वेदना दबली तरी आतला रोग थांबत नाही आणि मौल्यवान तास निघून जातात.

आमच्या विभागापुरते मी एक ठरवले आहे. यंदा तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रत्येकी घरातल्या पाच स्ट्रिप आणायला सांगणार आहे. त्यांच्यावरची मूळ नावे, मात्रा आणि काम यांचा तक्ता मराठीत आणि कन्नडमध्ये करून तो भिंतीवर लावायचा. कन्नड विभागाच्या प्राध्यापिकाबाईंनी भाषांतर तपासून द्यायचे कबूल केले आहे. तक्ता अंकाच्या दोन्ही विभागांत छापावा अशी संपादकांना विनंती आहे.

आई आता बरी आहे. परवा तिला पुन्हा थोडे पोटात दुखत होते. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी तिच्या हातावर ठेवली, तर तिने ती तशीच धरून मला विचारले, “हिचं खरं नाव काय रे?” मी स्ट्रिप उलटली आणि मोठ्याने वाचून दाखवले. मगच तिने पाणी मागितले.